रेताडातला मका

२ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्या जगाची माती प्रयोगशाळेत तपासतेस, पण भावाच्या रेताडाकडे बघायला तुला सवड नाही, असं बाबा म्हणतात. मी नाही हो! मका गुडघ्याएवढा झालाय, पण खालची पानं टोकांकडून पिवळी पडताहेत. यंदा जुनी धाटं जाळून शेत कसं लख्ख केलं होतं! युरिया टाकून भरपूर पाणी सोडलं की थोडे दिवस हिरवं दिसतं, पुन्हा पिवळं. आता युरिया दुप्पट करतोय.

हिला दूध पुरत नाही, म्हणून पिटुकलीला डब्यातल्या पावडरीचं दूध सुरू केलंय. विहिरीचं पाणी नितळ आहे, तेच उकळून घेतो. पोरीचा आवाज थेट आत्यावर गेलाय.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा ढब्बू

९ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

मक्याचं नंतर, आधी पिटुकलीचं. तिला विहिरीचं पाणी आजपासून बंद कर. रेताड म्हणजे चाळण. वर टाकलेलं खत पाण्याबरोबर मुळांखाली उतरतं आणि थेट विहिरीत जातं. मोठ्यांना ते बाधत नाही, पण तान्ह्याच्या रक्ताला मग प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखं निळी पडतात. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की जास्त दाट होतं. गावच्या टाकीचं पाणी आण. जरा निळसर दिसली तरी दवाखाना गाठ. मला फार भीती वाटते रे.

धाटं जाळलीस, तिथंच घोडं पेंड खातंय. ती जमिनीवर पसरून ठेवली असती, तर ओल टिकली असती. कुजलेलं शेणखत घाल. युरिया थोडा थोडा दे, पाणीही बेताचंच.

सर्वांना आशीर्वाद. उत्तर लगेच धाड.

तुझी ताई

१३ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मका बघायला यायला हवंस! दुप्पट युरियानं कमरेएवढा झालाय, हिरवागार. शेजारचा गवंडी रोज कुंपणापाशी थांबून बघतो. बाबासुद्धा चक्क शाबास म्हणाले.

पिटुकली जरा मलूल आहे. ओठ निळसर वाटतात. ही म्हणते, पहाटेचा गारवा बाधला असेल, म्हणून आणखी एक दुपटं गुंडाळलंय. पोट बिघडलं असेल या शंकेनं पाणी निम्मं आटेपर्यंत उकळतो. आता ती रडतही नाही. शेजारीण म्हणते, किती गुणी बाळ!

तुझं पत्र काल आलं. पण तुला सांगायचं राहिलं, हल्ली तुझी पत्रं बाबा रविवारी सगळ्यांना समोर बसवून स्वतः वाचतात, तोवर पाकीट फोडू देत नाहीत. मी नुसता हात लावला तर खेकसले. चांगलं जाडजूड दिसतंय, म्हणजे मला भरपूर बोलणी बसणार! खाईन निमूट. आज कुठे मंगळवार आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा ढब्बू