चोवीस तारखेचा अर्ज

३ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

कोर्टाची नोटीस काल मिळाली. सुनावणी चोवीस तारखेला आहे. तुझ्या लक्षात आलंच असेल, तो त्याचा वाढदिवस. सात वर्षांपूर्वी कामाला जातो म्हणून निघालेला माझा मुलगा, त्याला आता कायद्याने मृत ठरवायचं. आणि त्यासाठी बापाने पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं की इतक्या वर्षांत त्याचं पत्र नाही, निरोप नाही. सांगेन मी. तू कोर्टात जा म्हणून तुझ्या मागे मीच लागलो होतो. पण त्या दिवशी नको. तेवढी तारीख बदलून घे.

दर वर्षी त्या तारखेला मी त्याच्या जुन्या मापाचा एक शर्ट शिवतो, हे तुला माहीत आहे. वेड म्हण हवं तर. यंदाचं कापड आणून ठेवलंय.

तुझे मास्तर कसे आहेत? मागे भेटायला आले तेव्हा माणूस आवडला, शर्ट नाही. खांदा पार कोपराकडे उतरलेला. शिंप्याची सून असून तयार कपडे घालणाऱ्याशी लग्न करायला निघालीस, कमाल आहे. माझे गुडघे दुखतात, पण मशीन चालू आहे.

पत्राची वाट बघतो. लोभ आहेच.

बाबा

९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून कोर्टात जाऊन आले. अर्जात कारण लिहावं लागतं. मी खरं तेच लिहिलं, की त्या दिवशी साक्षीदाराच्या मुलाचा वाढदिवस आहे. तारखा देणाऱ्या कारकुनांनी विचारलं, कोणता मुलगा. मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, त्यापेक्षा आजारपण लिहा, सगळे तेच लिहितात. तुम्हाला खोटं आजारी पाडायला मन धजेना. वाढदिवसच राहू दिला.

पुढची तारीख जूनअखेरची मिळेल. त्याआधी एकही दिवस मोकळा नाही म्हणे. जून तर जून, सात वर्षं थांबले तिथे तीन महिन्यांचं काय. मास्तरांना एप्रिलमध्ये बदलीच्या गावी हजर व्हायचं आहे, ते एकटे पुढे जातील. तिथल्या दवाखान्यात माझ्यासाठी जागा ठरली होती. ती दुसऱ्या कुणाला मिळेल, मिळू दे. मास्तर एवढंच म्हणाले की बाबांना घाई नको.

अर्ज पर्समध्ये आहे. तुमचं पत्र आलं की देऊन येईन. गुडघ्यांना शेक घेता, की नुसतं मला कळवता?

माया असू द्यावी.

तुमची सूनबाई

१३ मार्च

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

अर्ज देऊ नकोस. चोवीसलाच येतो.

पत्र वाचून आधी तुझा राग आला. एवढं सगळं हातचं सोडायला निघालीस आणि लिहितेस काय, तर मिळू दे. मग स्वतःचा आला. वाढदिवस हे निमित्त होतं. जूनमध्ये मी गुडघे पुढे केले असते. साक्षीचे ते शब्द मला तोंडातून काढायचेच नव्हते. काल दुकानात कुणी नसताना मोठ्याने म्हणून बघितले. तिसऱ्या खेपेला वाक्य पुरं झालं.

मग कपाट उघडलं. सात कोरे शर्ट, सगळे एकाच मापाचे. सात वर्षांत कुणाचंच माप तेच राहत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. फार रडलो. शेजारच्या दुकानातला न्हावी येऊन बसला.

तेवीसला दुपारच्या गाडीने येतो. घ्यायला ये, आणि कोर्टात मला दिसशील अशी बस.

तिकडे गेलीस तरी पत्र चालू ठेव आणि मला बाबाच म्हण.

तुझे बाबा

ता. क. यंदाचं कापड अजून बेतलेलं नाही. मास्तरांचं माप उलट टपाली पाठव. खांदा दोनदा मोज, टेप सैल धरायची तुला खोड आहे.