पंचवीस वर्षांचा दौरा

३ एप्रिल १९६६, सकाळ
यंदा मे महिन्यात गावच्या सणाला ‘नवा किनारा’ करायचं ठरलं. अखेर या गावाला अक्कल आली. जुनं संगीत नाटक. तुरुंगातून सुटलेला देमेत्रियो नाव बदलून दुसऱ्या बेटावर जातो, इमानाने जगतो, पण भूतकाळ काही पाठ सोडत नाही. तिसऱ्या अंकात मुलगी त्याला माफ करते. प्रेक्षक ढसाढसा रडतात. १९४१ साली देमेत्रियो मीच गाजवला. (दोन प्रयोग. मूळ नटाला गोवर आला होता.) आज इलोइलोच्या या किनाऱ्यावर ही भूमिका पेलणारा माणूस एकच आहे. नाव लिहायची गरज नाही.

४ एप्रिल
लिहायचं तरी कोणतं? इथे मी लिबोरियो व्हिदाल. जीपगाड्यांवर नावं रंगवणारा. समोरच्या बेटावर, बाकोलोदला, मी लिबोरियो वेर्गारा होतो. लपण्यासाठी बदललं नाही. नटाला सुटसुटीत नाव लागतं.

११ एप्रिल
ईस्टर झाला. निश्चय: १) माडी बंद. २) केस काळे. ३) रोज दोन तास पाठांतर. ४) देलिझाला पत्र.
देलिझा माझी मुलगी. मी निघालो तेव्हा चार वर्षांची होती. बायकोला, सालुदला, टाकून पळालो असं कोणी म्हणेल. पळालो नाही, नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर गेलो. दौरा लांबला. मग जपानी आले. ते गेले, तर इतक्या उशिरा पत्रात काय लिहायचं ते सुचेना. फेब्रुवारीत सुक्या मासळीच्या पुडीच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो दिसला. मिस देलिझा वेर्गारा, आदर्श शिक्षिका. शाळेचं नावही होतं. कपाळ थेट माझ्या आईचं.
योजना सोपी आहे. ती येईल, पहिल्या रांगेत बसेल, तिसरा अंक बघेल. पुढचं मला बोलावंही लागणार नाही.

१२ एप्रिल
माडी थोडी घेतली. गळा मोकळा होतो. औषध म्हणून.

१६ एप्रिल
शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं. अकरा कागद फाडले, मग दोनच ओळी: मी जिवंत आहे. २३ मेला मुख्य भूमिका करतो आहे, ये.
(मुख्य भूमिका अजून जाहीर व्हायची आहे. नुसता उपचार.)

२१ एप्रिल
पहिली तालीम. नाटक बसवणाऱ्या कोन्सोलासियोन बाई, निवृत्त शिक्षिका, कानाने जरा अधू. वरचा सूर लावला तर म्हणाल्या, लिबोरियो, दाढ दुखतेय का? खरं म्हणजे दाढा नाहीतच. डॉक्टर इलारिओंकडे कवळी सांगितली आहे.

२९ एप्रिल
कवळी आली. ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते. आणि देमेत्रियोच्या भाषणात ‘स’ किती! पहिल्याच वाक्यात बाहेरचं कुत्रं आत येऊन बसलं. डॉक्टर म्हणाले, बसेल हळूहळू. कुत्रं की कवळी, ते सांगितलं नाही.

४ मे
कारस्थान! देमेत्रियो डॉक्टर इलारिओंना दिला. बाई म्हणाल्या, नोंग, अहो दादा, त्यांचं पाठ आहे, तुम्ही दुसरा अंक रोज पहिल्यात घालता. मी म्हणालो, नटाची ती मुभा असते. त्या म्हणाल्या, तुम्ही तुरुंगाचा पहारेकरी करा. पहिला प्रवेश, एक वाक्य. दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘जा. परत येऊ नकोस.’
आधी संतापलो. नंतर विचार केला. पहारेकरी नसेल तर देमेत्रियो सुटणार कसा? म्हणजे खरी मुख्य भूमिका हीच. पत्रात खोटं काही लिहिलेलं नाही. शिवाय या वाक्यात ‘स’ एकच.

१५ मे
देलिझाचं उत्तर नाही. म्हणजे नक्की येणार. न येणारा माणूस सबबी कळवतो.
घरमालकीण पासिंगबाईंना सांगितलं, मुलगी येतेय, भात जास्त टाका. त्या म्हणाल्या, अगोबाई, तुम्हाला मुलगी? सहा वर्षं राहताय, कधी बोलला नाहीत! विषय निघाला नाही, म्हणालो.

२२ मे
केस रंगवले. कानही रंगले.

२४ मे, पहाट
झोप नाही. लिहून टाकतो.
पडदा उघडला. डॉक्टर कैद्याच्या कपड्यांत दाराशी उभे. मी किल्ली लावली आणि समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत माझ्या आईचं कपाळ.
वाक्य आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं. म्हणवेना. डॉक्टर हळूच म्हणाले, सोडा की! बाई विंगेतून ओरडल्या, जा म्हणा, जा! मी दार धरून उभा. शेवटी डॉक्टरांनी ढकललं, तर बांबूचं दार उखडून त्यांच्या गळ्यात आलं. ते तसेच गात नव्या किनाऱ्याला गेले. गाव पोट धरून हसलं.
देलिझा तिसऱ्या अंकाला थांबली नाही. मागे, रंगवलेल्या समुद्रापाशी आली. म्हणाली, पत्र शाळेत आलं ते बरं झालं. आई घरी असते.
सालुदने एकावन्न साली लग्न केलं. अन्सेल्मो नावाचा बस ड्रायव्हर. त्यानेच हिला शिकवलं. त्यालाच ती ताताय म्हणते, बाबा म्हणते. आणि मी? मला बेचाळीस साली जपान्यांनी पुलावर गोळी घातली. कोणीतरी येऊन तसं सांगितलं होतं. मी दोन माणसांना वाचवून मेलो. बाकोलोदच्या चौकातल्या स्मारकाच्या दगडावर माझं नाव आहे.
तुम्ही जिवंत निघालात तर आईचं लग्न खोटं ठरेल, म्हणाली. मग म्हणाली, तिकडे तुम्ही फार चांगले आहात. तसेच राहा.
पंचवीस वर्षं एक भाषण तयार होतं. तोंडातून आलं, जेवलीस का?
म्हणाली, सकाळची बोट आहे. ओळखीच्या बाईंकडे उतरलेय. जाताना कानाकडे बघून म्हणाली, रॉकेल लावा, निघेल.

२५ मे
निश्चय: पुन्हा पत्र लिहायचं नाही. हा पाळता येईल असं वाटतं. सराव आहे.

२ नोव्हेंबर
पितरांचा दिवस. सगळं गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलं. पासिंगबाई म्हणाल्या, नोंग, चला की. मी म्हणालो, नको, आज घरीच बरा.
मेलेल्या माणसाने या दिवशी बाहेर जाऊ नये. लोक भेटायला येतात.
दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं. मग माशा यायला लागल्या, लावून घेतलं.