कूमपणाची सोडचिठ्ठी

वाल्येवो, मंगळवार

प्रिय ल्युबिंका,

काल फोनवर तू म्हणालीस, "अगं, दोन ओळी तर खरडायच्यात, त्यात एवढं काय!" दोन ओळींत माझा राग मावत नाही, म्हणून हे पत्र. चष्मा लावून नीट वाच.

तीस वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत एकेका शब्दाचं कार्ड लिहिलं. 'कूम'चं कार्ड माझ्याच हातचं. रशियन, पोलिश, बल्गेरियन, सगळ्यांकडे हा शब्द आहे. मूळ लॅटिन, बाप्तिस्म्याला आईबापाच्या जोडीने उभा राहतो तो, मुलाचा दुसरा पालक. नेमका कुठल्या रूपातून आला यावर पंडित अजून भांडतात. खुशाल भांडोत. पोलंडवाल्यांनी तर त्यावरून वशिलेबाजीलाच शब्द घडवला. तेव्हा मला हसू आलं होतं. आता तुझं घर आठवतं.

तुमच्या घराचं कूमपण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे: तुझ्या नवऱ्याचे कूम माझे सासरे. माझा नवरा गेला आणि कूमपण माझ्याकडे आलं. तुझ्या मुलाच्या, ओग्नेनच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कम्युनिस्टांचं राज्य, चर्चमध्ये दिसणं म्हणजे नोकरीशी खेळ होता, तरी मी उभी राहिले. माझी बढती गेलीच. नाव कूमच ठेवणार, आईबापाने तोंड उघडायचं नाही. ही बाई आता काय नाव ठेवतेय म्हणून तू कोपऱ्यात धास्तावून उभी होतीस. मी 'ओग्नेन' म्हटलं आणि तू आनंदाने रडलीस.

तोच ओग्नेन आता लेकीसाठी कारखान्याच्या मालकाला कूम करतोय, स्वतःच्या बढतीसाठी. आणि हे मला बेकरीवालीकडून कळावं? "तुम्हाला बोलावलं नाही होय?" म्हणाली ती, सगळ्या रांगेसमोर. लाज वाटली गं मला, तुझी! कूम म्हणजे हवं तेव्हा बदलायला सदऱ्याचं बटण नव्हे, हे तुझी सासूच म्हणायची ना? गरज सरो, वैद्य मरो!

नशीब, पाद्रीबाबांनी तुम्हाला अडवलं. जुन्या कूमने लिहून मोकळं केल्याशिवाय नवा उभा राहणार नाही म्हणाले, तेव्हा कुठे तुला माझा नंबर सापडला. नाही म्हणायचा हक्क आहे मला. सकाळपासून तेच लिहीत होते, तीन कागद फाडले. पण त्या तान्हीने माझं काय बिघडवलंय? घे तुझ्या दोन ओळी: मी, विदोसावा, माझ्या घराच्या वतीने तुमच्या घराला कूमपणातून मोकळं करते. देव आणि कूमपणाचे राखणदार संत योवान साक्षी. तुझ्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून एक नाव मनात धरून बसले होते. ते मात्र तुला सांगणार नाही.

आजच्या दिवसापुरती तुझीच,
विदोसावा