चार दिवसांचा उशीर

बूगनव्हिल बेट, फेब्रुवारी १९९८

प्रिय आई,

तुझ्या सेमेसाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, रताळी खाऊन चांगला सुटलोय. इथे युद्धविराम टिकून आहे. तो पाळला जातोय का, एवढंच आम्ही परदेशातून आलेले निरीक्षक बिनहत्यारी गावोगाव फिरून बघतो, तेव्हा काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

एक सांगतो, बाबांना कळू देऊ नकोस. गेल्या गुरुवारी कोपाना नावाचा बंडखोर डोंगर उतरून आमच्याकडे आला. त्याचा धाकटा भाऊ मोराई सरकारच्या बाजूने लढलेला. आठ वर्षं दोघांची भेट नाही.

"मोराई तापाने फणफणलाय म्हणे. मला त्याच्या गावात घेऊन चल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, सोमवारी दोन्ही बाजूंची बैठक आहे. त्याआधी तिकडे गेलास आणि कुणी गोळी झाडली, तर सगळंच मोडेल."

तो डोंगरात परत गेला. मोराई रविवारी वारला.

सोमवारी कोपाना ठरल्याप्रमाणे इथल्या समेटाच्या रीतीचं डुक्कर घेऊन बैठकीला आला. भावजयीसोबत बसून त्याने समेटाची सुपारी खाल्ली. मी माफी मागितली, तर म्हणाला, "आठ वर्षं आम्ही भावांनी घालवली रे. तू चारच दिवस घालवलेस."

आई, मी त्याच्याबरोबर चालत जायला हवं होतं. सोबत बिनहत्यारी परका माणूस दिसला असता, तर कुणी गोळी झाडली नसती. त्यासाठीच तर आम्हाला इथे पाठवलंय.

तब्येतीला जप.

तुझाच,
सेमेसा