साष्टांग नमस्कार, उभ्यानेच

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घालतोय. खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) भाऊजींचा खोकला कमी झाला असेल, भाची आणि तिचं बाळ ठणठणीत असतील, असं धरून चालतो. हे पत्र फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय, कारण फार वेळ बसायचं नाही असा हुकूम आहे. (हाच फ्रिज मी एकट्याने पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवला होता. आता त्याला टेकून उभा राहतो.)

ऑपरेशन चांगलं झालं. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती, तेवढा तुकडा काढला. पायातली कळ गेली. डावं पाऊल अजून बधिर आहे आणि तो पाय मधूनच मला न विचारता दुमडतो, पण ते असू दे. वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. ज्याने जन्मभर लोकांची कपाटं वाहून घर चालवलं, त्याला किटली. उठताना आधी ओंडक्यासारखं कुशीवर लोळायचं आणि मग पाय खाली सोडायचे, असं व्यायामवाल्या बाईंनी शिकवलंय. मोजे तुझी भावजय चढवते. त्या वेळी ती माझ्या नखांबद्दल जे बोलते ते इथे लिहीत नाही.

खाली पडलेलं उचलायला तिने मला लांब दांड्याचा चिमटा आणून दिला. मंगळवारी चष्मा पडला म्हणून चिमटा घेतला, तर चिमटाही पडला. मग भिंतीला धरून, गुडघ्यांत वाकून, अगदी बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी खाली गेलो. खाली जाणं जमलं. वर येण्याचा धडा अजून झाला नव्हता. तेव्हा चष्मा लावून, चिमटा छातीवर ठेवून पडून राहिलो आणि सोफ्याखाली किती धूळ आहे ते पाहिलं. तुझी भावजय बाजारातून आली, आधी भाजी आत ठेवून आली आणि मग म्हणाली, "झालं का तुमचं?" धुळीचा विषय मी काढला नाही.

परवा मात्र ती घाबरली. मी खुर्चीत बसून पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती आणि तिला थोपटत होतो. तिने थेट डॉक्टरांना फोन लावला, भुलीचं औषध डोक्यात राहतं का म्हणून विचारलं. ते नाही म्हणाले. मी काही खुलासा केला नाही. इतकी वर्षं झाली लग्नाला, थोडं गूढ राहिलेलं बरं.

पुढच्या रविवारी आम्ही येतोय, मी मागच्या सीटवर आडवा होऊन. तुझं नवं कपाट बघायचंय. दुसऱ्या कुणाकडून उचलून घेतलंस, म्हणजे भिंतीचा रंग खरवडलेला असणारच. (माझ्या हातून आजवर कुणाचा साधा आरसा तडकलेला नाही, हे तुला माहीत आहे.) बाळाचं म्हणशील तर त्या वयात सगळी सारखीच दिसतात. लांबून बघेन.

मोठ्यांना नमस्कार, लहान एकच आहे, त्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. बाळाचं वजन आता किती भरतं ते फोन करून सांग. त्या मानाने पिशवीत पीठ घालतो. तुझ्या भावजयीला बोलू नकोस.

आणखी एक. डॉक्टरांना मी हळूच विचारून घेतलंय. बसून, छातीशी धरून घ्यायला हरकत नाही म्हणाले. रविवारी सगळ्यांसमोर मी नको नको म्हणेन, ते ऐकू नकोस. मला हात टेकता येतील अशी खुर्ची दे, बाळ माझ्याकडे दे आणि खालून तुझा हात असू दे, कुणाला दिसणार नाही असा. मला भीती वाटते, ताई. पिशवी माझ्या हातून एकदाही निसटलेली नाही, पण ती पाय झाडत नाही.