घटात पेरलेला मंगळ

गुडीहत्नूर

वांकिडीच्या चंपतरावास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझ्या सुनेनं, रुख्मिणीनं दिलेलं तेल चोळतोस, का नुसता बाटलीकडे पाहतोस? आमी बरे आहोत. पत्र माझी नात अपूर्वा लिहून राह्यली. (माझ्यावर रुसली आहे, पण अक्षर वाकडं काढत नाही. शाळेत मास्तरीण आहे ना.)

रुसण्याचं कारण ऐक. हैदराबादच्या शिबिरातून तिनं पिशवीभर लाल भुकटी आणली, ज्वालामुखीच्या दगडाची. मंगळावरची माती अशीच असते म्हणे. दिवाळीआधी शाळेत प्रदर्शन आहे, तिथं पोरांले दाखवायची होती. पिशवी तिनं पडवीत ठेवली आन मले काही सांगितलं नाही. घटस्थापनेच्या दिवशी शेतातून माती आणायची, तर ऊन चढलेलं, आन समोर ही चाळलेली, एक खडा नसलेली माती! देवीनंच पाठवली म्हटलं. परडीत पसरली, मधात घट ठेवला, गहू पेरले.

उगवले, पण पिवळे, दोऱ्यासारखे, माना टाकलेले. शेजारची कौशल्याबाई आरतीले येई, घटाकडे पाही आन "हं" म्हणे. (तिचा "हं" तुले माहीत आहे.) शेवटी अपूर्वालेच विचारलं, काऊन असं होऊन राह्यलं? ती परडीपाशी वाकली ती खालीच बसली. मग म्हणाली, "आजी, या मातीत कधी काही जगलं नाही, मेलं नाही. पाला कुजला नाही, गांडूळ फिरलं नाही. हिच्यापाशी द्याले काहीच नाही." आपली काळी जमीनही मुळात अशाच आगीतल्या दगडाची म्हणे.

चंपत, जन्मभर त्या जमिनीत निंदण केलं, पण मी तिले आयती समजत होती. किती पाला, किती ढोरं, किती माणसं तिच्यात गेली, तेव्हा ती माती झाली! मंगळाची मले कीवच आली. लग्नं जुळवताना लोक त्याले इतके भितात, आन बिचाऱ्याच्या घरात मूठभर खत नाही.

अपूर्वा म्हणाली होती, दसऱ्यानंतर माती वाळवून चाळून घेईन. पण मले राहवलं नाही. वाळलं शेण चुरून टाकलं. अर्ध्याच परडीले पुरलं. तेवढ्या गव्हानं मान वर केली.

"आजी, तू मंगळावर शेण टाकलं?" एवढं बोलली, मग अबोला. दसऱ्याले तुझ्या भाच्यानं, हेमचंद्रानं, ते तुरे टोपीत खोवले आन गावभर मंगळाचं पीक मिरवलं. मग तर त्याच्याशीही बोलली नाही.

(आता लिहिता लिहिता हसली. थांब, काहीतरी म्हणते.)

ता. क. अर्धी परडी पिवळी, अर्धी हिरवी, हेच पोरांले दाखवू म्हणते. पण माती तर दसऱ्याले घटासंगं नदीत शिरवली. तुझ्या वावराजवळच्या क्रशरवर काळ्या दगडाची चुरी पडलेली असते, ती पोतंभर आण. चालते म्हणते, मंगळ जरा काळा दिसेल. पोत्यात खताचा कणही नको. शेण मी टाकीन, या वेळेस विचारून.

आणखी एक ता. क. परडीपुढच्या पाटीवर ती माझं नाव लिहिणार आहे. माझं नाव लिहिते का "शेण टाकणारी म्हातारी", मले वाचता येत नाही. म्हणून पोतं कोणाच्या हाती धाडू नको, तूच ये आन वाचून दाखव. दुसरंच काही लिहिलेलं असलं, तरी पोरांसमोर मोठ्यानं माझं नावच वाच.