लग्नापुरतं आभाळ

तीर्थरूप वन्सं यांना वहिनीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात वाकले नाही, पण लिहिणारीला ‘वाकून’ असंच लिहायला सांगितलं आहे. कागदावर वाकायला काय जातं?) तुमचा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? समोरच्या बिऱ्हाडाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, की अजून दोन्ही दारं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत? आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी बरी नाही, पण ते शरीराचं नाही. ते पुढे येईल, आत्ता विचारू नका.

हे पत्र तुमच्या भाच्याची लेक लिहिते आहे, म्हणजे खुद्द नवरी. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला नव्यानं काय सांगायचं. एरवी सूनबाई लिहिते, पण ती माझी वाक्यं सुधारते. मी संतापलेली असले तरी पत्रात ‘किंचित नाराज’ निघते. ही पोरगी सांगेन तसं लिहिते. आज मला तीच हवी होती.

तर वन्सं, लग्नाचे नियम बदलले. आतापर्यंत नोंदणीच्या कचेरीतल्या मोठ्या खोलीत लग्नं लागायची, खुर्च्या मांडून, वर पंखा, सगळा गोतावळा बसून. आता त्या खोलीत लोखंडी कपाटं आली, आणि कपाटांना जागा हवी म्हणून माणसं कमी केली. नवरा, नवरी आणि दोन साक्षीदार, बस्स. साक्षीदारानं कागद वाचून सही करायची, म्हणजे मी बाद. तुमचा भाचा म्हणाला, ‘आई, तू बाहेर बाकावर बस, आम्ही दार किलकिलं ठेवतो.’ (नातीचं लग्न बघायचं, की दवाखान्यात नंबर लावून बसायचं?) मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, ‘आजी आत नसेल तर मीही आत जाणार नाही.’ मग हिनंच नियम शेवटपर्यंत वाचला. लग्न उघड्यावरही लावता येतं, नोंदणीवाल्या बाई स्वतः येऊन लावून देतात. अटी अशा, की वर आभाळ दिसलं पाहिजे, निदान दोन बाजू मोकळ्या पाहिजेत, आणि जागेच्या मालकानं राजीखुशीनं संमती दिली पाहिजे. शेवटची अट ऐकून मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे!

लक्षात आलं ना? माझ्यासाठी सगळं लग्न घराबाहेर काढलं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, आणि वाचताना माझा चेहरा डोळ्यांपुढे आणू नका.

जागाही तिनंच शोधली. हाडा-सांध्यांचे व्यायाम करून घेते ना ती, त्या दवाखान्यामागे एक रोपवाटिका आहे. तिथल्या मालकीणबाईंचा आखडलेला खांदा हिनं मोकळा केला होता. रोपांच्या दोन लांब ओळी, मधे फरशीचा चौक, कडेला पाण्याचा हौद, आणि सगळीकडे ओल्या मातीचा वास. बाई म्हणाल्या, खुशाल या. ठरलं. आणि थोड्याच दिवसांत त्यांचा निरोप आला, की जागा मिळणार नाही. कारण नाही, काही नाही. घरात सगळे तर्क करू लागले. मी म्हटलं, हौदाला चीर गेली असेल, सगळा चौक पाण्यानं भरला असेल. सगळ्यांनी मान डोलावली, कारण या घरात हौदातलं कळतं असं दुसरं कुणी नाही. ही म्हणाली, जाऊन विचारून येते. मी म्हटलं, नाही म्हणालेल्या माणसाला खोदून विचारू नये, बरं दिसत नाही.

मग मी तुमच्या भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून आभाळ शोधत हिंडले. (कंबर धरली ती तिथेच.) मोटार शिकवतात ते मैदान आधी पाहिलं. सपाट, चारी बाजू मोकळ्या, आभाळ तर वापरून संपणार नाही इतकं. शिकवणारे मास्तर भला माणूस, अंगावर गाडी घातली तरी ‘छान, आता ब्रेक’ म्हणणारा. नोंदणीवाल्या बाई पाहायला आल्या, जमिनीवरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नवरा-नवरी इथे. तेवढ्यात एक शिकाऊ बाई गाडी मागे घेत घेत नेमक्या त्याच पट्ट्यांत येऊ लागल्या. त्यांना दोष कसा द्यावा? पट्ट्या आखल्याच होत्या त्यासाठी. मास्तर ओरडले, ‘आरशात बघा!’ शिकाऊ बाईंनी आरशात बघितलं आणि केस सारखे केले. नोंदणीवाल्या बाईंनी लग्न झाल्यापासून मारली नसेल अशी उडी मारली, आणि पलीकडूनच हात हलवून जागा नापसंत असल्याचं कळवलं.

मग लाँड्रीचं मागचं अंगण. दवाखान्यांच्या चादरी धुऊन तिथे वाळत घालतात. तिथे नोंदणीवाल्या बाईंना वेगळाच पेच पडला. ओली चादर म्हणजे भिंत का? वारा आला की बाजू मोकळी, वारा पडला की बंद. बाई वाऱ्याची वाट बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी लाँड्रीवाला म्हणाला, ‘अहो बाई, त्या दिवशी मी दोरीच काढतो, मग तर झालं?’ झालं की! त्यानं संमतीच्या कागदावर सही करायला पेन उघडलं. आणि वन्सं, मी काय करावं? जवळच्या चादरीचा कोपरा चिमटीत धरला, चोळून पाहिला, आणि म्हणाले, ‘या का पांढऱ्या? माझ्या खानावळीत फरशी पुसायची फडकी याहून उजळ असायची.’ लाँड्रीवाल्यानं पेनाला टोपण लावलं. टोपणाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

परतताना तुमच्या भाच्यानं स्कूटर कडेला घेतली. मग म्हणाला, ‘आई, तो काही विकत नव्हता गं.’

तेवढंच बोलला. पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आता सांगूनच टाकते. हौदाला चीर नव्हती. तो निरोप येण्याच्या आदल्या दिवशी मी, कुणाला न सांगता, एकटी रोपवाटिकेत गेले होते. म्हटलं, पोरांना व्यवहार काय कळतो, आपण जरा बोलून घ्यावं. जन्मभर खानावळ चालवली मी. पहाटे बाजारात जायचं, कोबीचा गड्डा हातात घ्यायचा, आधी नाक मुरडायचं, पानं पिवळी, आत पोकळ, असं म्हणायचं आणि मग पिशवी उघडायची. नाव न ठेवता वस्तू घेतली तर मला काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटतं. तशी मी त्या चौकात उभी राहिले आणि सुरू झाले. फरशी वरखाली आहे, रोपं मरतुकडी आहेत, हौदात डास आहेत, असल्या जागेत लग्न लावलं तर व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं? मग थांबले, बाईंनी भाव सांगावा म्हणून. त्यांनी सांगितला नाही. भाव नव्हताच. हातातली झारी खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘आजी, मी ही जागा विकत नव्हते. त्या मुलीला मनापासून देत होते.’ एवढं स्पष्ट सांगितलं, तरी मला वाटलं, चढवतेय भाव! मी पाठ फिरवून चालू लागले. मागून हाक येईल म्हणून फाटकापर्यंत अगदी सावकाश गेले, वन्सं. चप्पल नीट करायला मधे थांबलेसुद्धा. हाक आली नाही.

(पेन थांबलं आहे. पोरगी खिडकीबाहेर बघते आहे. मी म्हटलं, लिही. ती म्हणाली, ‘काय लिहू?’ मी म्हटलं, ऐकलंस ते. तुला तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून तर तुला लिहायला बसवलं. बऱ्याच वेळानं लिहू लागली आहे. अक्षर बदललं असलं तर ते तुम्हाला दिसेल, मला दिसायचं नाही.)

लग्न तोंडावर आलंय आणि जागा नाही. आता कचेरीतल्या खोलीतच होईल. ‘मग तू बाहेर बस,’ असं कुणी मला म्हणालेलं नाही, पण खोली तेवढीच आणि कपाटं तेवढीच. मीच म्हटलं, बसेन. मला तेच शोभतं. तुम्ही प्रकृतीला जपा. आपली, तोंड लपवायला (उघडी नव्हे, चांगली बंदिस्त) जागा शोधणारी, वहिनी.

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत ही उठली, माझ्यापुढे चपला ठेवल्या आणि मला रोपवाटिकेत घेऊन गेली.  मी माफी मागितली. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं, पण ‘तरी फरशीचं म्हणाल तर’ हे जिभेच्या टोकावर आलंच. हिनं माझा दंड धरला. (व्यायाम करून घेणाऱ्या मुलींच्या बोटांत फार ताकद असते.) मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि जागा देते म्हणाल्या. अट एकच. लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्या चौकात उभं राहून मी त्यांच्या रोपवाटिकेबद्दल दोन चांगली वाक्यं बोलायची, आणि त्यांत ‘पण’ येता कामा नये.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. वन्सं, ती दोन वाक्यं तुम्ही पाठवा. तुम्ही आयुष्यभर लोकांना चांगलं म्हणत आलात, माझ्या करपलेल्या स्वयंपाकालासुद्धा. मी त्याला तुमचं ढोंग समजत होते. आता तेच ढोंग उसनं पाहिजे. लहान वाक्यं पाठवा, पाठ करायची आहेत, आणि उलट टपाली पाठवा. मी स्वतः एक करून पाहिलं, ‘झाडं हिरवी आहेत.’ ही म्हणते, आजी, तू म्हणतेस तेव्हा ती तक्रार वाटते.

ता. क. तिसरा. तुमचं उत्तर येईस्तोवर सराव पाहिजे. तो घरातल्याच माणसावर करावा असं ठरवलं, आणि समोर हीच बसली आहे. लिही गं.

(आत्याआजी, आजीनं पुढे दोन वाक्यं सांगितली. ‘पण’ न घालता. ती मी इथे लिहिली नाहीत, माझ्याकडे ठेवून घेतली आहेत. रोपवाटिकेसाठी तुम्ही वेगळी पाठवा.)